भरपाई मिळाली, जबाबदारी ठरली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधील फोन हॅकिंग (इतरांच्या मोबाइलवरील ध्वनिनिरोप चोरून ऐकणे) प्रकरणाचा विषय निघाला की, १६८ वर्षे चाललेले 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद झाले, त्याचे मालक रूपर्ट मर्डोक यांनी माफी मागितली आणि प्रकरण मिटले, असे सर्रास लिहिले जाते. मला हे मान्य नाही.

मार्च २००२ मध्ये सरे परगण्यातून १३ वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाली. आईवडील तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले असताना, तिच्या मोबाइलवर आलेले निरोप या साप्ताहिकाची माणसे चोरून ऐकत होती. एका नोकरभरती संस्थेचा निरोप त्या क्रमांकावर चुकून आला होता. त्यावरून मुलगी जिवंत असून काम शोधत आहे, असा तर्क त्यांनी बांधला आणि तो निरोप आपल्याकडे असल्याचे एप्रिल २००२ मध्ये खुद्द पोलिसांना कळवले. त्या मुलीचा खून झाला होता. तरीही सरे पोलिसांनी साप्ताहिकावर कारवाई केली नाही आणि 'गार्डियन' या वृत्तपत्राने हे उघड करेपर्यंत नऊ वर्षे लोटली. एके दिवशी फोन लावल्यावर 'निरोपांची पेटी भरली आहे' या सूचनेऐवजी लेकीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू आला आणि ती जिवंत आहे असे वाटून मला आनंद झाला, असे तिच्या आईने पुढे सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती लेव्हेसन यांच्या चौकशीत सांगितले. साप्ताहिकाच्या माणसांनी जुने निरोप पुसल्यामुळे पेटी रिकामी झाली, असा आरोप होता; ते निरोप आपोआप पुसले गेले असावेत, असे पुढे समोर आले, हेही नमूद करायला हवे. परंतु त्यामुळे चोरून ऐकण्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही.

साप्ताहिकाचे माजी संपादक अँडी कोल्सन यांना २०१४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली, त्यांच्याआधीच्या संपादक रिबेका ब्रुक्स निर्दोष सुटल्या. न्यायमूर्ती लेव्हेसन यांच्या चौकशीचा पहिला भाग २०१२ मध्ये सुमारे २,००० पानांच्या अहवालाने पूर्ण झाला. साप्ताहिकाच्या मालक कंपनीच्या आत नेमके काय घडले आणि पोलिसांनी आधीचा तपास कसा केला, हे दुसऱ्या भागात तपासायचे होते. तो भाग सरकारने मार्च २०१८ मध्ये रद्दच करून टाकला.

उरला दिवाणी दाव्यांचा मार्ग. तिथे प्रतिवादीने देऊ केलेली रक्कम नाकारली आणि न्यायालयाने त्याहून कमी भरपाई दिली, तर दावा जिंकूनही दोन्ही बाजूंचा खर्च फिर्यादीच्या माथी येऊ शकतो. याच कंपनीच्या 'सन' या दैनिकाविरुद्ध दावा लावणारे अभिनेते ह्यू ग्रँट यांनी २०२४ मध्ये याच कारणाने तडजोड केल्याचे सांगितले. जिंकूनही सुमारे एक कोटी पौंड भरावे लागले असते, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये प्रिन्स हॅरी यांचा याच कंपनीविरुद्धचा दावाही सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर मिटला. 'सन'साठी काम करणाऱ्या खासगी गुप्तहेरांच्या बेकायदा कृत्यांबद्दल कंपनीने माफी मागितली. मात्र वरिष्ठांना काय ठाऊक होते, याची उलटतपासणी झालीच नाही. वरिष्ठांवरील आरोप कंपनीने नाकारले आहेत, आणि म्हणूनच ते न्यायालयात तपासले जायला हवे होते.

चौकशीचा दुसरा भाग पुन्हा सुरू करावा, ही पीडितांची मागणी आजही कायम आहे. वृत्तपत्र म्हणून आपण तिची सविस्तर दखल घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे