न्यूबेरीची पुस्तकं आणि तापाची पावडर

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जॉन न्यूबेरी या अठराव्या शतकातल्या इंग्रज बालपुस्तक प्रकाशकावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, पण न्यूबेरीचा जो संत करून ठेवलाय तो काही पचला नाही. मुलांच्या आनंदासाठी आयुष्य वाहिलं म्हणे! अहो, हा गृहस्थ पुस्तकांसोबत डॉ. जेम्सची तापावरची पावडर विकायचा. त्याने 1765 मध्ये काढलेल्या ‘गुडी टू-शूज’ या मुलांच्या गोष्टीत नायिकेचा बाप मरतो तो कसा? जोराचा ताप येतो आणि त्या गावात नेमकी हीच पावडर मिळत नाही! बापाच्या मरणातही जाहिरात. लेखात यावर चकार शब्द नाही.

त्याचंच 1744 चं ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’ घ्या. नुसतं पुस्तक सहा पेन्सना; मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची उशी हवी तर आठ. चेंडू असो की उशी, एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या. लाल बाजूला दहा झाल्या तर एक पेनी, काळ्या बाजूला दहा झाल्या तर छडी.

यात त्याला कमी लेखायचं नाही. मुलांसाठी इवली पुस्तकं थॉमस बोरमनने 1740 पासूनच काढली होती, मेरी कूपरची बडबडगीतंही 1744 चीच. पहिला नसेल, पण न्यूबेरीने या पुस्तकांचा धंदा बसवला. खिशात मावणारा आकार, लाकडी ठशांची चित्रं, वर फुलाफुलांचा सोनेरी कागद, आणि पाठीशी औषधांचा गल्ला.

‘आपल्याकडे न्यूबेरी का झाला नाही?’ असा गळा लेखकाने काढलाय. त्यांनी पावसाळ्यात गोव्यातल्या एखाद्या शाळेचं मुलांच्या पुस्तकांचं कपाट उघडून बघावं. गुळगुळीत आर्ट पेपर, मोठा आकार, मध्ये दोन पिना. जूनच्या दमटपणात पिना गंजतात, कागद तिथेच कुजतो आणि मधलं पान आधी सुटतं. आर्ट पेपरवरचा लेप ओल धरतो, पानं एकमेकांना चिकटतात. ओढली की चित्राचा रंग समोरच्या पानावर. साधा, बिनलेपाचा मॅपलिथो कागद, सोळा पानी फॉर्मे (म्हणजे घडी घातलेले जुडगे) आणि दोऱ्याची शिलाई केली तर हे टळतं. खर्च थोडा वाढतो, म्हणून कोणी करत नाही. चकचकीत मुखपृष्ठ मात्र हवंच, विमोचनाच्या फोटोत तेवढंच दिसतं!

आणि हो, बालपुस्तकासाठीचं न्यूबेरी पदक हे लेखात म्हटलंय तसा ‘ब्रिटनचा सन्मान’ नव्हे. 1922 पासून ते अमेरिकेतली ग्रंथालय संघटना देते.

जाता जाता, त्याच पानावरच्या चौकटीत भारतातली छपाई बंगालात सुरू झाल्याचं छापलंय. गोव्यातल्या दैनिकात! जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला तो 1556 मध्ये. दुरुस्ती छापा. वधू-वरांच्या जाहिरातींखाली छापलीत तरी चालेल.

— एक वाचक, फोंडा