नुसत्या फेऱ्या पुरत नाहीत

संपादक महोदय,

सकाळी बागेत चालणाऱ्या ज्येष्ठांची गर्दी वाढते आहे, हे चांगलेच. पण फेऱ्या मारून बाकावर बसलेली मंडळी उठताना गुडघ्यांवर हात रेटतात. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि नुसत्या चालण्याने ती झीज भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ वर्षांवरील लोकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाशिवाय दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. हात न टेकता खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, एवढ्यानेही सुरुवात होते.

व्यायामाबरोबर स्नायूंना प्रथिनेही लागतात; पण 'आता वय झालं, रात्री थोडा दूधभातच बरा' म्हणत आपण वरण-उसळीलाच कात्री लावतो. (उपासाच्या साबुदाण्यात तर प्रथिने नावालाच!) घट्ट वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडे रोज पोटात जायला हवे, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आमच्याकडच्या बागेत खुल्या व्यायामशाळेची यंत्रे आहेत, पण ती गंजली आहेत आणि कशी वापरायची हे सांगणारे कोणी नाही. पालिकेने ती दुरुस्त करून आठवड्यातून दोनदा प्रशिक्षक पाठवावा.

– एक ज्येष्ठ वाचक