दर विचारणारा एजंट

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मध्येच काकू चहा गार होतोय म्हणून ओरडल्या, तेही ऐकलं. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत उत्तर द्यायला लागलो तर सगळा गुंता होईल, म्हणून हे पत्र.

तुझ्या ऊसतोड नोंदणीच्या ॲपसाठी कुठला सर्व्हर भाड्याने घ्यायचा हे एआय एजंटवर, म्हणजे स्वतः शोधाशोध करून काम उरकणाऱ्या एआय प्रोग्रामवर, सोडावं का, असं विचारतोस. सोड की. फक्त भाड्याचे दर त्याच्या आठवणीतून येऊ देऊ नकोस, प्रत्येक वेळी ताजे बघायला लाव. एजंटमागचं एआय मॉडेल ज्या मजकुरावर शिकलं त्यातले आकडे त्याच्या डोक्यात असतात आणि जुना आकडाही ते तितक्याच ठामपणे सांगतं. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरून सर्व्हर गाठायचा क्रमांक) तासाला ०.००५ डॉलर लावले. त्याआधी चालू सर्व्हरला जोडलेला पत्ता फुकट होता आणि इंटरनेटवरचे बरेचसे जुने लेख अजून तेच सांगतात. महिन्याचे ७३० तास धरले तर हे ३.६५ डॉलर होतात. त्यांच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रातला टी३.मायक्रो हा छोटा सर्व्हर तासाला ०.०१०४, म्हणजे महिन्याला साधारण साडेसात डॉलर. छोट्या सर्व्हरच्या भाड्याच्या जवळजवळ निम्मा खर्च एजंटच्या हिशेबातून गायब. (हे आकडेसुद्धा त्याला माझ्या पत्रातून उचलू देऊ नकोस!)

म्हणून एजंटच्या हाताशी एक छोटं टूल, म्हणजे दर शोधून देणारा प्रोग्राम, द्यायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल जोडायची ठरावीक पद्धत, सर्वांसाठी खुला केला, त्यामुळे असं टूल एकदा लिहिलं की वेगवेगळ्या एजंटना जोडता येतं. एजंट विचारणार: मुंबई, लिनक्स, प्रोसेसरचे दोन कोअर, चार जीबी मेमरी, दर काय? टूलने मोजक्या ओळी परत द्यायच्या. मोजक्याच. ॲमेझॉनच्या ईसी२ या सर्व्हर-सेवेची पूर्ण दरसूची इतकी अवाढव्य आहे की ती कुठल्याच मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात, मावणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट (अझूर) आणि गूगल या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे दर एपीआयने, म्हणजे प्रोग्रामला थेट विचारता येईल अशा सोयीने, मिळतात, पण तिघांची मांडणी तीन तऱ्हांची. ॲमेझॉनकडे एकाच सर्व्हरच्या अनेक ओळी येतात: मशीन इतरांबरोबर वाटून (शेअर्ड) की फक्त आपलं (डेडिकेटेड), विंडोज की लिनक्स, वर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आहे की नाही. शिवाय आधीच राखून ठेवलेल्या कपॅसिटीची एक ओळ असते आणि तिच्यापुढे दर असतो शून्य, कारण ते पैसे दुसऱ्या ओळीत मोजलेले असतात. एजंटला ‘सर्वांत स्वस्त शोध’ म्हणालास आणि फिल्टर नीट नसला, तर तो खुशीत सांगेल की सर्व्हर फुकट आहे.

अझूरची एपीआय वापरायला सोपी, लॉगिनसुद्धा लागत नाही आणि रुपयांतही दर देते. पण रिझर्व्हेशनच्या, म्हणजे वर्षाच्या किंवा तीन वर्षांच्या कराराच्या, ओळीत एकक ‘१ तास’ लिहिलेलं असतं आणि रक्कम असते अख्ख्या वर्षाची किंवा तीन वर्षांची. माणूस ते पाहून डोळे चोळेल, एजंट सरळ ७३० ने गुणून मोकळा होईल. गूगलकडे बहुतेक मशीनचे कोअर आणि मेमरी यांचे दर वेगळे, त्यामुळे बेरीज आपणच करायची. दर दोन भागांत येतो, पूर्ण डॉलर एकीकडे आणि उरलेला अंश डॉलरच्या अब्जांशांत.

हे सगळं निस्तरायचं काम टूलचं. मॉडेलला त्यात पडू देऊ नकोस. गुणाकार, बेरीज, रुपयांत रूपांतर टूलनेच करावं. उत्तराबरोबर चलन, एकक, रीजन (सर्व्हर कुठल्या ठिकाणचा), दर कधी घेतला ती वेळ आणि काय धरलेलं नाही हे यावं. आणि प्रश्न मोघम असेल तर टूलने अंदाज बांधू नये, उलट विचारावं: ‘ओएस कुठली, लिनक्स की विंडोज?’ लोक टूल पटकन उत्तर देतं का तेवढंच बघतात. मला अडून बसणारं टूल जास्त आवडतं.

‘काय धरलेलं नाही’ यावर मी एवढा अडतोय, कारण सर्व्हरचा दर म्हणजे फलकावरच्या थाळीचा दर, ताक-पापडाचं बिल वेगळं येतं. डिस्क वेगळी, बॅकअप वेगळा, बाहेर जाणारा डेटा वेगळा. ॲमेझॉनवर महिन्याचे पहिले १०० जीबी माफ, त्यानंतर व्हर्जिनियातून जीबीला ९ सेंट आणि मुंबईतून जवळपास ११. तुझे मुकादम प्रत्येक गाडीचा फोटो टाकतात. फोटो वर चढवायला पैसे नाहीत, पण कारखान्याचं ऑफिस ते दिवसभर उघडून बघत बसतं, तिथे मीटर पळतो.

आणखी एक. एजंट तुला वर्षाचा करार सुचवेल, कारण तासाचा दर त्यात कमी दिसतो. तुझा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलला आटोपतो. उरलेले महिने सर्व्हर रिकामा बसणार आणि कराराचे पैसे मात्र चालू. त्यामुळे वर्षातले किती तास मशीन खरंच चालणार, हा आकडा टूलने सक्तीने मागावा. माझा अंदाज, तुला ऑन-डिमांडच, म्हणजे चालेल तेवढ्याच तासांचं भाडं, परवडेल. डेटाबेसचं छोटं मशीन तेवढं बारमाही ठेव.

गेल्या हंगामातला महिन्याचा बाहेर गेलेला डेटा आणि एका फोटोचा सरासरी आकार कळव. टूलचा पहिला कच्चा कोड मी लिहितो, फक्त मुंबई रीजन आणि फक्त लिनक्स. पुण्याला येशील तेव्हा बसून बाकीचं जोडू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभय