जोतं, काव आणि दादाचं लग्न

रुओवेसी, फिनलंड
१५ मार्च २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शिमगा आटोपला असेल. पालखी अंगणात आली तेव्हा माझ्या नावाचा नारळ दिलात ना? आम्ही तिघंही मजेत आहोत. खरंच मजेत. फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीने, दुसरं काही नाही.

बाबांनी घराबद्दल विचारलेल्या प्रश्नांना फोनवर दर वेळी अर्धीच उत्तरं मिळतात. मध्येच चिनू फोन ओढून घेतो. म्हणून एकदाच सगळं कागदावर लिहिते. चष्मा लावून सावकाश वाचा. थंडी, ऑफिस, चिनूची शाळा हे तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते.

बाबा, पहिला प्रश्न: ९८ वर्षांचं लाकडी घर कुजणार नाही का? कुजलंय की. पण थोडं, आणि तेही लाकडाच्या दोषाने नाही. घर पाइनच्या ओंडक्यांचं आहे. ओंडके दोन्ही अंगांनी तासलेले, सहा इंच जाडीचे, आडवे एकावर एक रचलेले आणि कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. खाली सुट्ट्या दगडांचं जोतं, आणि जोत्यात वीत-वीतभर झरोके, फळ्यांच्या जमिनीखाली वारा खेळता राहावा म्हणून. आधी कुणीतरी थंडी शिरते म्हणून त्या झरोक्यांत काचलोकर कोंबली आणि फुलझाडांसाठी भिंतीलगत माती चढवत नेली. माती तळच्या ओंडक्याला जाऊन टेकली. खाली वारा नाही, बाहेरून ओल, मग दुसरं काय होणार? आपल्या पडवीच्या चौकटीचा पाय असाच गेला होता.

वाळवी इथे नाहीच, तेवढी एक काळजी सोडा. लाकूड पोखरणारे किडे आणि मोठे काळे मुंगळे आहेत, पण तेही बहुतेक ओल्या लाकडातच घर करतात. ओल काढली की त्यांचाही मुक्काम हलतो.

कुजकं शोधायची रीत सोपी आहे. हातोडीने ठोकत जायचं. चांगला ओंडका खणखणीत वाजतो, गेलेला बद्द. बद्द वाजेल तिथे टोच्या रोवून बघायचा. खिडक्यांच्या खाली, कोपऱ्यांत आणि उंबऱ्याखाली आधी बघायचं, पाणी तिथेच मुरतं. आमच्याकडे उत्तरेच्या भिंतीचा तळचा ओंडका पूर्ण गेला होता, त्याच्यावरचा खिडकीखाली दीड मीटर, आणि पूर्वेचा एक कोपरा. वरचे सगळे ठणठणीत.

तळचा ओंडका बदलण्याला इथे 'केंगितुस' म्हणतात. घोड्याला नाल मारण्याचा जो शब्द, तोच घराला. मागच्या जूनमध्ये उत्तरेची भिंत केली. बाबा, हे तुमच्यासाठी तपशिलात लिहिते.

आधी धुराडं मोकळं करायचं. ते स्वतःच्या वेगळ्या पायावर उभं असतं, घर उचललं तरी ते उचललं जात नाही. छपराचा पत्रा नि जमिनीच्या फळ्या त्याच्यापासून बोटभर कापून घेतल्या नाहीत तर घर त्याच्यावर लटकतं आणि विटा फुटतात. मग त्या भिंतीच्या खिडक्या काढून ठेवायच्या. मग भिंतीला आतून आणि बाहेरून उभ्या सहा इंची फळ्यांच्या जोड्या लावून १२ मिलिमीटरच्या आट्यांच्या सळईने आरपार आवळायच्या. हे टाळलं तर वजन येताच भिंत पोटातून फुगते. एवढं झालं की जॅक. दहा टनी बाटली-जॅक, चार. जॅक आणि लाकूड यांच्यामध्ये लोखंडी पट्टी हवीच, नाहीतर जॅकचं डोकं लाकडात घुसतं आणि घर जागचं हलत नाही. एक जॅक त्या फुलझाडांच्या मऊ मातीत दोन इंच रुतला. खाली खडी भरून जाड फळ्यांची चौकट टाकली, तेव्हा तो उभा राहिला.

उचलायचं किती, तर सहा ते आठ मिलिमीटर. करवत अडकणार नाही इतकंच. दर दोन मिलिमीटरला थांबून सगळे जॅक सारखे आहेत का पाहायचं. घर कुरकुरतं, ते चालतं. कडाड् असा आवाज आला की थांबायचं आणि कुठे अडकलंय ते शोधायचं.

नवा ओंडका नवा नकोच. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, वीतभर उंचीच्या ओंडक्यात सहज सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे वर्षभरात भिंत एका बाजूने खाली बसणार आणि दारं अडकायला लागणार. आम्ही गवताचं जुनं कोठार मोडलं जात होतं, त्यातले ओंडके घेतले. शंभर वर्षं वाळलेले, वजनाला हलके, किंमतही नव्याच्या निम्मी. तुकडे दोन ते तीन मीटरचे. खालच्या बाजूला लांबलचक पन्हळ कोरायची, म्हणजे ओंडका खालच्यावर दोन्ही कडांनी बसतो आणि मधल्या पोकळीत जवसाच्या धाग्यांचा पट्टा राहतो. पूर्वी तिथे शेवाळ भरायचे. दोन तुकड्यांचा सांधा पायरीसारखा आणि खिडकीखाली कधीच नाही. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये पूर्वी बर्चची साल घालत, आता डांबरी नमदा. फटींत फोम किंवा सिलिकॉन भरायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी. पाणी आत गेलं की बाहेर येत नाही, आणि पुन्हा तेच दुखणं. जवसच पाचर-हातोडीने ठासायचं. पक्षी घरट्यासाठी तेही उपसून नेतात, त्याला इलाज नाही.

माणसं किती लावली, असं बाबा विचारतील. एकही नाही. शेजारची चार माणसं चार दिवस आली. याला इथे 'तालकोत' म्हणतात, आजोबा सांगायचे ती इर्जिकच. पैसे घेत नाहीत, विचारलेलंही आवडत नाही. वाटाण्याचं सूप, कॉफी आणि संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेचं स्नान, द्यायचा, आणि त्यांच्याकडे काम निघालं की आपण जायचं. सप्टेंबरात आम्ही त्यांचे बटाटे काढून दिले.

भिंत बसल्यावर माती खणून काढली. तळचा ओंडका आता जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आहे, आणि पहिल्या तीन मीटरमध्ये जमिनीला १५ सेंटिमीटर उतार दिलाय. झरोके उघडले, त्यांना उंदरांसाठी जाळी. स्वयंपाकघरातल्या जुन्या फरशीला हात लावण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घेतली. १९९४ च्या आधीच्या बांधकामात काही तोडायचं तर ती सक्तीचीच आहे. तेव्हा त्याचीही काळजी नको.

दुसरा प्रश्न, आग. आई, लाकडी भिंत कागदासारखी पेटत नाही. जाड ओंडका बाहेरून कोळसत जातो, मिनिटाला एक मिलिमीटरहूनही कमी. आग लागते ती बहुतेक धुराड्यातून. ते साफ करणारा माणूस वर्षातून एकदा येतोच, कायदाच आहे तसा. विटांच्या सांध्यांत तडे सापडले म्हणून आत स्टेनलेस स्टीलची नळी सोडून घेतली. विटांच्या भट्टीपुढे ४० सेंटिमीटर पत्रा ठोकलाय. झोपण्यापूर्वी धुराड्याची झडप कोण बंद करतं असं तू विचारलंस. कुणीच नाही. निखारे पूर्ण विझल्याशिवाय ती लावायचीच नाही, नाहीतर विषारी वायू घरात कोंडतो. आम्ही ती सकाळी लावतो. थोडी ऊब वाया जाते, जाऊ दे. वायूचा गजरही आहे. सरपण बर्चचं, याच दिवसांत फोडून वाऱ्यावर रचलं तर पुढच्या थंडीला कामी येतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टण् वाजल्या पाहिजेत. उणे २६ झालं त्या रात्रीही आत १९ होतं.

आता पिठाचं. आई, चिनूने पाठवलेला फोटो बघून तू 'एवढं पिठलं कुणाला' म्हणालीस, आणि तो रंग आहे कळल्यावर अन्नाची नासाडी म्हणून दोन दिवस बोलली नाहीस. तर नीट सांगते. इथली जुनी घरं लाल दिसतात तो रंग डब्यातून येत नाही, चुलीवर शिजतो. ५० लिटर पाणी, दोन किलो हिराकस, साडेतीन किलो रायचं पीठ, आठ किलो काव. राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे, गव्हाच्या जातीचं काळसर धान्य, यांची भाकरी त्याचीच. काव मात्र अगदी आपलीच, तुळशीवृंदावनाला लावतो ती. स्वीडनमध्ये फालून म्हणून गाव आहे, तिथल्या तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मातीतून हा रंग निघतो. खाण १९९२ साली बंद पडली, रंग अजून निघतोच आहे.

लोखंडी पिंपात पाण्याला उकळी आणायची, हिराकस विरघळवायचा. मग पीठ थोडं थोडं घालत, हात न थांबवता पंधरा मिनिटं शिजवायचं. मग काव घालून आणखी वीस मिनिटं. इथले लोक पीठ कोरडंच भुरभुरवतात आणि मग गुठळ्या फोडत बसतात. मी ते गार पाण्यात कालवून घेतलं. तुझ्या पिठल्याची युक्ती. शेजारच्या आजी पिंपात डोकावल्या आणि नुसतंच 'हूं' म्हणाल्या. हे इथलं मोठं कौतुक समजायचं. काठीवरून आंबिलीसारखं ओघळलं की झालं.

पीठ कशाला, तर ते खळीसारखं काव लाकडाला धरून ठेवतं, आणि हिराकस बुरशी येऊ देत नाही. या रंगाचा पापुद्रा तयार होत नाही, त्यामुळे लाकडातली ओल सुखाने बाहेर जाते. वर प्लॅस्टिकचा रंग फासला की ती आत अडकते. ओसरीच्या बाजूला कुणीतरी तो फासलाच होता, खरवडून कोरं लाकूड काढेपर्यंत दोन आठवडे गेले, कारण त्याच्यावर काव धरत नाही. फळी रंधा न मारलेली, खरबरीत हवी. रंगाआधी भिंतीवर पाणी मारायचं, आणि भर उन्हात लावायचा नाही, नाहीतर पिठूळ होऊन हाताला लागतो. म्हणून आम्ही रात्री नऊनंतर लावायचो. जुलैत तेव्हा लख्ख उजेड असतो. एका घाण्यात साधारण १५० चौरस मीटरवर एक हात होतो. दोन घाणे शिजवले, म्हणजे सात किलो पीठ. त्यावर दहा-पंधरा वर्षं निघतात, आणि पुढच्या वेळी खरवडणं नाही, झाडून वर एक हात. आई, सात किलो म्हणजे आपल्या सत्यनारायणाला एका पूजेत जातं त्याहून कमी. आता तरी राग सोड.

सध्या रोज एकच काम आहे, भिंतीलगतचा बर्फ दोन हात लांब ओढायचा. तो जागेवर वितळला तर वर्षाची मेहनत पुन्हा भिजेल.

आता ज्यासाठी बसले होते ते. दादाच्या लग्नाला मी आणि चिनू ९ मे ला पोचतो, २५ ला निघतो. हे येऊ शकणार नाहीत. पूर्वेचा कोपरा जूनमध्ये झालाच पाहिजे, यांनी सगळी रजा त्यासाठी लावून ठेवली आहे, आणि ज्यांचे जॅक आहेत ते शेजारी जुलैत गावी नसतात. तिकीटही महाग झालंय. माहेरच्या एकुलत्या एका लग्नाला जावई नाही, यावर मामी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. मामींना सांगा, रजा मिळाली नाही. एका अर्थी ते खरंच आहे.

हॉल आणि जेवणासाठी तीन लाख देईन म्हणाले होते. या सोमवारी एक लाख साठ हजार पाठवते. उरलेले ऑगस्टपर्यंत नक्की. आचाऱ्याला थांबायला सांगू नका, बाबा, तुम्ही तेवढ्यापुरती ठेव मोडलीत तर मी व्याजासकट भरेन. मोडू नका असं म्हणणार होते, पण तुम्ही बोलून दाखवणार नाही आणि मोडून मोकळे व्हाल.

आणखी चाळीस हजार वेगळे येतील, ते लग्नात धरायचे नाहीत. दादा म्हणाला, गेल्या वर्षी शाकारणी झालीच नाही आणि माजघरावर प्लॅस्टिक टाकलंय. मला कुणी सांगितलं नाहीत. मृग लागायच्या आत माणसं लावा, फुटकी कौलं बदला. आणि कौलं उतरवलेली असतानाच बाबा, वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं हातोडीने ठोकून बघा. बद्द वाजतील त्यांवर खडूने खूण करून ठेवा. मी आले की आपण दोघं बघू.

चिनूचा साष्टांग नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. – यांच्या कुर्त्याचं माप दादा विचारत होता. खांदा साडेअठरा, छाती बेचाळीस, लांबी चाळीस. शिवून ठेवा, मी घेऊन येईन.