शनिवारचा एअर रायफल सराव: पालक व विद्यार्थ्यांसाठी सूचना

शनिवारी सकाळी ७:३० वाजता शाळेच्या १० मीटर रेंजवर आठवी ते दहावीचा सराव आहे. पालकांचे लेखी संमतिपत्र नसेल तर मुलाला रेंजवर घेतले जाणार नाही. ते आदल्या दिवशीच क्रीडा शिक्षकांकडे द्या.

• सपाट तळव्याचे बूट घाला, जाड सोल नको. केस मागे बांधा. डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा हवाच.
• रायफल रिकामी असली तरी नळी कायम लक्ष्याच्या दिशेने ठेवा. लक्ष्यावर नेम येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर.
• नळीतून आरपार जाणारी सेफ्टी फ्लॅगची दोरी प्रशिक्षकांनी सांगितल्याशिवाय काढू नका. चेंबर (गोळी भरण्याची जागा) रिकामे आहे, हे त्या दोरीवरूनच सगळ्यांना दिसते.
• 'स्टॉप' ऐकताच थांबा, पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) भरलेले असले तरी. पुढे कोणी गेलेले असू शकते.

खाली पडलेले ४.५ मिमीचे पेलेट पुन्हा वापरू नका. त्याची कड चेपली की गोळी भरकटते, आणि मूल उगाच स्वतःचा नेम बदलत बसते. स्प्रिंगच्या रायफलचा ट्रिगर पेलेटशिवाय ओढू नका. पिस्टन आदळून सील फाटते. एअर सिलेंडर फक्त प्रशिक्षक भरतील.

पेलेट शिशाचे असतात. रेंजवर खाण्याचा डबा उघडायचा नाही, आणि बाहेर पडताच हात साबणाने धुवायचे. लहान मुले हे हमखास विसरतात, म्हणून पालकांनी घरूनच बजावून पाठवावे.

पहिली वीस मिनिटे फक्त उभे राहणे आणि श्वास यांचा सराव होईल. कंटाळवाणे वाटेल, पण गुण तिथेच वाढतात.