अ-2 श्रेणी आणि 503 वजा 278

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सुतारकाम करतो. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा पाचवीत गेली. चौथीच्या प्रगतिपुस्तकावर गणिताला अ-2 आहे, म्हणजे वरून दुसरी श्रेणी. परवा तिला 503 वजा 278 घातलं. उत्तर आलं 375. हातचा घेतलाच नाही. वरचा आकडा कोणता, खालचा कोणता हे न बघता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढला. 824 भागिले 4 केलं तर 26 आले, मधला शून्य गेला. मग विचारलं, आठ बाय चारच्या प्लायला चारी कडांनी पट्टी किती फूट लागेल? म्हणाली, 32. क्षेत्रफळ काढलं, परिमिती नाही. पोरगी मठ्ठ नाही, साहेब. ती ठरावीक जागी चुकते. शेजारी बसून कुणी रोज थोडा वेळ दिला तर त्या चुका जातील.

तोच वेळ आम्हाला कबूल केला होता. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. एप्रिलच्या सभेत सांगितलं गेलं की शाळा उघडल्यावर पहिला महिनाभर रोज एक तास फक्त उजळणी होईल: पाढे, वजाबाकी, भागाकार, आकृत्या. शाळा उघडली आणि दोनातले एक गुरुजी मतदार याद्यांच्या कामाला गेले. राहिलेल्या बाई पाच वर्ग सांभाळतात आणि उरल्या वेळात मोबाईलवर माहिती भरतात. उजळणीचा तास एकदाही झाला नाही. तालुक्याला विचारायला गेलो तर कळलं, अहवालात उजळणी पूर्ण झाली आहे! त्या दिवसाचा माझा रोज बुडाला, त्याचं काही नाही. पण माझ्या लेकीच्या नावापुढे खोटी टिकमार्क कुणी केली, हे मला कळायला हवं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 मी वाचलंय. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये, असं त्यात आहे. निवडणुकीला सूट आहे, पण तिच्या नावाखाली भर शाळेच्या दिवसांत वर्ग का रिकामा करता? गावात शिकलेली, बिनकामाची पोरं काय कमी आहेत?

योजनांना मात्र तोटा नाही. 2021 मध्ये सेतू अभ्यास आला, मागच्या इयत्तेच्या उजळणीचा, 45 दिवसांचा. त्याच वर्षी निपुण भारत आलं, 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि आकडेमोड येईल म्हणून. मार्च 2025 मध्ये निपुण महाराष्ट्र आलं. मध्येच पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घातली आणि दोन वर्षांत काढून टाकली. ‘असर’ या शाळकरी मुलांच्या 2024 च्या पाहणीत देशातल्या खेड्यांत पाचवीच्या शंभरातल्या जेमतेम तीस मुलांना भागाकार येत होता. उरलेली सत्तर पुढच्या वर्गात बसून काय करतात? अपूर्णांक आला की गप्प होतात, बीजगणित आलं की शाळा सोडतात.

आता रात्री मीच तिला घेऊन बसतो. दिवसभर रंधा मारून हात भरून आलेले असतात. मी नववी नापास. मोजमाप मला कामानं शिकवलं, समजावून सांगता येत नाही, मग ओरडतो आणि ती रडते. शिकवणी लावायची तर फी परवडत नाही. ज्यांना परवडतं त्यांची पोरं केव्हाच इंग्रजी शाळेत गेली. मग तुम्ही म्हणता पट कमी झाला, आणि पट कमी म्हणून शिक्षक काढून घेता. हे चक्र कुणी सुरू केलं? निवडणूक लढवणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं आमच्या शाळेत आहेत?

मला नवी योजना नको. आमचे गुरुजी वर्गात परत पाठवा. कबूल केलेला तास जुलैपासून सुरू करा. आणि पूर्ण झालेल्या उजळणीचा तो अहवाल घेऊन कुणीतरी शाळेत या. पोरांना एकेक करून फळ्यावर 503 वजा 278 घाला, आणि मग सही करा.

आपला,
पाचवीतल्या मुलीचा बाप