क्रॉप कव्हरच्या सदोष रोलबाबत तक्रार

दिनांक : 10 मार्च 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : 17 जीएसएमचे (चौरस मीटरला 17 ग्रॅम) म्हणून विकलेले क्रॉप कव्हर बाराव्या दिवशी फाटल्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीच्या क्रॉप कव्हरचे (रोपांवर पांघरायच्या पातळ कापडाचे) चार रोल मी जानेवारीअखेर तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रातून घेतले. रोलला 2,100 प्रमाणे 8,400 रुपये झाले. पक्के बिल सोबत जोडले आहे. रोलवरच्या लेबलात लांबी 400 मीटर, पन्हा 1.60 मीटर, 17 जीएसएम आणि 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' (म्हणजे उन्हाने लवकर न विरणारे) असे छापले आहे. लेबलाचा फोटोही जोडला आहे.

2 फेब्रुवारीला 20 गुंठ्यांत मिरची लावली. मल्चिंग, ठिबक, बांबूच्या कामट्यांच्या कमानी, वरून कव्हर आणि दोन्ही कडांना माती. बायका लावून दोन दिवस हेच काम चालले होते. कव्हर घालण्यामागे हिशोब साधा असतो. पहिला महिनाभर पांढरी माशी आणि फुलकिडे रोपापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. माशी बसली की बोकड्या (पाने मुरडण्याचा व्हायरसचा रोग) आला, आणि एकदा व्हायरस रोपात शिरला की त्यावर औषध नाही, रोप उपटूनच टाकावे लागते.

14 तारखेला सकाळी पाण्याला गेले तर उन्हाकडच्या बाजूने प्रत्येक कमानीवर कव्हर उसवल्यासारखे झाले होते. बोटाने दाबून पाहिले तर भाजलेल्या पापडासारखे चुरले आणि हाताला पांढरा भुगा लागला. पुढच्या चार दिवसांत कव्हरच्या चिंध्या बांधावरच्या बाभळीला लटकत होत्या. गेल्या वर्षी सासूबाई कव्हरला हसून 'मिरचीची मच्छरदाणी' म्हणाल्या होत्या. यंदा त्याच त्या चिंध्या वेचत होत्या, आणि हसत नव्हत्या.

15 तारखेला तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळाले, "मॅडम, वारा जास्त असेल, नाहीतर तुम्ही ताण जास्त दिला असेल." 16 तारखेला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. "माणूस पाठवतो" म्हणालात, तो आजपर्यंत आलेला नाही. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला.

आता वाऱ्याचे बघू. तुमचे तीन रोल वापरून संपले. चौथा न फोडता शेवटच्या दोन बेडवर मी गेल्या वर्षीचे, दुसऱ्या कंपनीचे, एकदा वापरून धुऊन ठेवलेले कव्हर टाकले होते. वावर तेच, वारा तोच, कामट्या त्याच आणि बांधणारे हातही तेच. ते जुने कव्हर महिनाभर टिकले आणि 5 मार्चला मी स्वतः काढून घडी घालून ठेवले. त्या दोन बेडवरच्या 175 रोपांत तीन रोपे मुरडलेली निघाली. तुमच्या कव्हरखालच्या 2,600 रोपांपैकी त्याच दिवशी 410 मोजली. एका कोपऱ्यात माती नीट दाबली गेली नव्हती आणि तिथून कुत्रे आत शिरले, ती चूक माझी. तिथली 20-25 रोपे मी या आकड्यात धरलेली नाहीत.

मग वजन करून पाहिले. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, त्यामुळे यात मोठी विद्या लागत नाही. न वापरलेल्या टोकाचा दहा मीटर तुकडा कापला. 1.60 पन्ह्याने तो 16 चौरस मीटर होतो, म्हणजे 17 जीएसएमने 272 ग्रॅम भरायला हवा. गावातल्या सराफाच्या काट्यावर तो 208 ग्रॅम भरला, म्हणजे 13 जीएसएम. (सराफ म्हणाले, सोन्यात एवढी तूट धरली तर गाव सोडावे लागेल.) सीलबंद चौथा रोल पुठ्ठ्याच्या नळीसकट 8 किलो 720 ग्रॅम भरतो, जेव्हा नुसते कापडच 10 किलो 880 ग्रॅम असायला हवे. लेबलावर वजन छापत नाही, ते का, हे आता समजले.

कापड हलके असले तरी यूव्ही नीट असते तर महिना काढला असता, असे मला वाटते. फेब्रुवारीच्या उन्हात पॉलिप्रॉपिलीनचा (कव्हरच्या प्लॅस्टिकचा) भुगा बाराव्या दिवशी होतो, तेव्हा त्यात यूव्हीचे औषध एक तर नाही किंवा नावापुरते आहे. हे लॅबमध्ये तपासता येईल आणि त्यासाठी नमुना मी देईन.

माझी मागणी अशी : चारही रोलचे 8,400 रुपये परत मिळावेत. उपटलेल्या 410 रोपांच्या जागी दीड रुपयाप्रमाणे नवी रोपे लावली त्याचे 615 रुपये आणि नांग्या (रिकाम्या जागा) भरण्याची दोन बायकांची एक दिवसाची मजुरी 700 रुपये मिळावी. एकूण 9,715 रुपये. शिवाय या बॅचचा माल दुकानातून परत घ्यावा, कारण आमच्या गावात आणखी दोघांनी तोच नेला आहे आणि त्यांची कलिंगडे अजून कव्हरखाली आहेत.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, त्यामुळे तुमच्या शहरात हेलपाटे मला मारावे लागणार नाहीत. वैधमापन (वजन-मापे तपासणाऱ्या) खात्यालाही वजनाचे कागद पाठवेन.

चौथा रोल सील न फोडता घरी ठेवला आहे. माणूस पाठवणार असाल तर काटा घेऊन पाठवा.

आपली,
ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाईल नंबर बिलावर आहे)

सोबत : बिल, लेबल व शेताचे फोटो, दहा मीटरचा तुकडा